सुभेदार आबांचा रोजा

आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये सगळ्यात जास्त वर्षं शाळेत आलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी हेडमास्तरांचं नाव घेणार नाही आणि शिपाईमामांचंही नाही. मी माझ्या मैत्रिणीच्या आजोबांकडं बोट दाखवीन. त्यांना नावानं हाक मारणारं माणूस गावात आता उरलेलं नाही. सगळे सुभेदार आबाच म्हणतात. आबा शाळेत शिक्षक नव्हते, संस्थेत नव्हते, कुठल्या समितीवरही नव्हते. त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं आणि तरी ते एकही दिवस गैरहजर नसत. फौजेतून सुभेदार होऊन ते परत आले, कुंडलजवळच्या आमच्या गावात त्यांनी ऊस लावला, पोरांनी तो सांभाळायला घेतला आणि आबांना सकाळी करायला काही उरलं नाही. थोरली नात पाचवीत गेली तेव्हा ते तिला सोडायला म्हणून शाळेच्या फाटकापर्यंत आले. ती नात शिकून, लग्न होऊन सासरी गेली. मग नातू आला, तोही गेला. मग दीपाली आली, जी माझ्या बाकावर बसायची. आबा मात्र फाटकातून परत काही गेले नाहीत. फाटकाच्या आत लिंबाखाली त्यांनी घरून आणलेली खुर्ची असायची, गळ्यात शिट्टी असायची, आणि ती शिट्टी वाजली की पोरंच काय, रस्त्यानं जाणारी म्हसरंसुद्धा जागच्या जागी उभी राहायची.

लिहायची आमच्या घरात कुणाला सवय नाही. त्यामुळं कुणाबद्दल किती सांगावं आणि कुठं थांबावं हे मला नीट कळत नाही. पण आमच्या कॉलेजात कुणी फौजेतल्या माणसांचा विषय काढला, की मला वाटतं, यांनी आमचे आबा बघायला हवे होते. फौज त्यांनी सोडली होती, पण फौजेनं त्यांना सोडलं नव्हतं. शाळा म्हणजे त्यांची कंपनी. आठवी अ, आठवी ब ह्या प्लाटून. मधली सुट्टी म्हणजे लंगर. उशिरा येणाऱ्या पोराला त्यांनी कधी हात लावला नाही, पण त्यानं फाटकात सावधान उभं राहून मोठ्यानं रिपोर्ट द्यायचा, का उशीर झाला तो, आणि खरा. "म्हशीनं पायावर पाय दिला" असं एकानं सांगितलं तेव्हा आबा विचार करून म्हणाले, "मान्य. पर म्हैस आठवड्यातनं एकदाच चालंल." त्यामुळं आमच्या शाळेतली पोरं वेळेवर यायला लागली असं नाही, पण सबबी फार चांगल्या द्यायला लागली. हेडमास्तरांनी सुरुवातीला एकदोनदा त्यांना सुचवून बघितलं म्हणे, की सुभेदारसाहेब, रोज कशाला उन्हात त्रास घेता. आबांनी ती काळजी समजली आणि खुर्ची सावलीकडं सरकवली. त्यानंतर तो विषय संपला.

आमच्या गावात आमची मुसलमानांची चार घरं. अब्बा गाद्या भरतात. आमच्याकडं पिंजाऱ्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या. आता कापूस पिंजायची धनुकली जाऊन यंत्र आलं, पण कापसाचा बारीक भुगा अजून तसाच अब्बांच्या पापण्यांवर बसलेला असतो. आमच्या घरातली कुठलीही मुलगी सातवीच्या पुढं गेली नव्हती. मी हायस्कुलात जाणार म्हटल्यावर अब्बांनी एकच सांगितलं होतं, "दहावीपर्यंत शिक." दहावीच्या पुढं वडूज होतं. वडूजला माझ्या मामूंच्या नात्यात एक घर होतं, त्यांचा मुलगा दुकान चालवत होता, माणसं चांगली होती, आणि दहावी झाली की बोलणी करायची, साखरपुडा करून ठेवायचा, अठरा पूर्ण झाली की निकाह, असं सगळं मोठ्या माणसांत ठरल्यासारखं होतं. कुणी माझ्यावर जुलूम करत होतं असं नाही. घरात सगळ्यांचं तसंच झालं होतं. मला मात्र पुढं शिकायचं होतं, आणि हे मी पहिल्यांदा घरात नाही, फाटकातल्या खुर्चीसमोर बोलले. आबा एकेकाला गाठून विचारायचे, "जवान, म्होरचं पोस्टिंग कुठं?" पोरं डॉक्टर, पोलीस, कलेक्टर असं काहीही सांगायची. मी म्हटलं, "वडूज." आबा म्हणाले, "हुकुमानं का मर्जीनं?" मी म्हटलं, "हुकुमानं. मला शिकायचंय." त्या दिवसापासून आबांनी मला मनातल्या मनात आपल्या ताब्यात घेतलं असावं.

शाळेत मला कुणी वाईट वागवत होतं का? तसंही म्हणता येत नाही. पण माझ्या वर्गात आमच्यातली मी एकटीच, आणि एकटं असलं की माणूस आपोआप कडेला बसतो. डबा खाताना तर नक्कीच. माझ्या डब्यात रोज काय असेल याबद्दल वर्गाच्या फार मोठ्या कल्पना होत्या. सोमवारी, गुरुवारी तर मुली जरा लांबच सरकायच्या. आबांनी हे लिंबाखालून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी मारून अख्ख्या वर्गाला गोल बसवलं. "फौजेत लंगर एक असतो. आजपासनं डबा उघडायचा आनि उजव्या हाताला द्यायचा. ज्याला खायचं न्हाई त्यानं न्हाई म्हनायचं. नाक मुरडलं तर मैदानाला फेरी." माझा डबा उजवीकडच्या मुलीच्या हातात गेला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. तिनं झाकण उघडलं. दोडक्याची भाजी निघाली. काल काय होतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, दोडकाच. मग वर्गाचा माझ्या डब्यातला रस जो उडाला तो कायमचाच. नंतर ईदला अम्मीनं शिरखुर्म्याचा मोठा डबा दिला तेव्हा मात्र आबांना शिट्टी मारून रांग लावावी लागली, आणि जिनं सगळ्यात आधी नाक मुरडलं असतं तीच दोनदा रांगेत सापडली.

खो-खोचं तर सांगायलाच हवं. मी पळायला बरी होते, म्हणून खेळाच्या सरांनी मला संघात घेतलं. पण संघाचा पोशाख अर्ध्या चड्डीचा, आणि अब्बा म्हणाले, "खेळू दे की, पर पाय झाकून, डोकं झाकून." सर चांगले होते, पण अडचणीत पडले. म्हणाले, सगळ्यांत एकटी वेगळी दिसेल, पंच काय म्हणतील, पोरीलाच अवघड वाटेल. त्यापेक्षा तिला राखीव ठेवू. आबा तिथंच होते. ते कुठंही तिथंच असायचे. म्हणाले, "गुरुजी, युनिफॉर्म म्हंजे काय? एकासारका दुसरा. मंग एकटी वेगळी दिसतीया म्हनून तिला काढायची, का सगळ्यांस्नी तिच्यासारकं करायचं?" सरांना हा मार्ग सुचलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर कुणालाच सुचला नसता. दोन दिवसांत गावच्या शिंप्याकडून सगळ्या संघाला निळ्या फुल पँटी आणि डोक्याला बांधायचे निळे रुमाल शिवून आले. मुली आधी रुसल्या. दीपालीनं तर नवीन क्लिपा आणल्या होत्या, त्या रुमालाखाली जाणार म्हणून ती आजोबांशी दिवसभर बोलली नाही. पलूसच्या मैदानावर आम्ही उतरलो तेव्हा समोरच्या संघातली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "आली गं आली, ऊसतोडीची टोळी!" सगळं मैदान हसलं. कडेला उभे असलेले आबा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "व्हय! आनि मोळी बांधूनच जानार!" मैदान पुन्हा हसलं, पण आता आमच्या बाजूनं. पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. परतीच्या टेम्पोत आबा पुढून वळून म्हणाले, "तोंडं कशाला पाडताय? हरलो, पर एका रांगंत हरलो." आज ते वाक्य साधं वाटतं. त्या दिवशी मला ते कुठल्याही ढालीपेक्षा मोठं वाटलं होतं, कारण त्या रांगेत मी होते.

आबांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र कुणी समजू नये. त्यांची हिंदी ऐकून आमच्या हिंदीच्या बाई वर्गाची खिडकी लावून घ्यायच्या. आपल्याला सगळं ठाऊक आहे ही त्यांची पक्की समजूत होती. मला बघितलं की ते "सलाम वालेकुम" अशी मोठ्यानं आरोळी ठोकायचे, दिवसातून चार वेळा, अगदी मी नळावर पाणी पीत असले तरी, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. मला फार लाजल्यासारखं व्हायचं. दरवर्षी गॅदरिंगला एकात्मतेचा एक देखावा असायचा आणि त्यात दरवर्षी मला शरारा घालून उभं करायचे. हेही आबांनीच एका वर्षी मोडून काढलं. म्हणाले, "ती पोरगी वरीसभर तीच असती. तिला पुन्यांदा तिचंच सोंग कशाला देताय?" मग मला त्यांचा जुना फौजी कोट घालून सुभेदार केलं. कोट गुडघ्याच्या खाली आला. शरारा दीपालीनं घातला, आणि मला कबूल करायला हवं, तो तिला माझ्यापेक्षा पुष्कळ बरा दिसला. त्याच कार्यक्रमाला आलेल्या एका पाहुण्यांनी बक्षीस देताना माझं नाव ऐकून विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" मी गावाचं नाव सांगितलं. "तसं नाही, मूळ कुठलं?" पहिल्या रांगेतून आबा उठले. "साहेब, हिच्या पणज्यानं भरलेल्या गादीवर माजा जलम झालाय. मूळ इचारायचं तर मला इचारा. मी तिच्या मागनं आलोय." पाहुणे हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अब्बा, जे कधी गॅदरिंगला येत नसत पण त्या दिवशी मागं भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. घरी आल्यावर म्हणाले, हॉलमध्ये फार उकडत होतं.

मग दहावी आली. त्या वर्षी बोर्डाची परीक्षा आणि रमजान एकत्र आले. आमच्या घरात सगळेच रोजे धरतात, त्यामुळं मी रोजा धरून पेपर देते यात घरात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. पहाटे उजाडायच्या आत सहरीचं खायचं, दोन तास वाचायचं, आणि दीपालीच्या वडिलांच्या गाडीतून आम्ही दोघी केंद्रावर जायचं. त्यात मामूंचा निरोप आला, की ईद झाली की लगेच वडूजची माणसं घेऊन येतो. अम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि कांदा चिरायला घेतला. दीपालीनं हे घरी सांगितलं असणार, कारण गणिताच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी आबा आमच्या दुकानात आले. मी आत दाराआड भूगोल घेऊन बसले होते. यंत्र चालू होतं. आबांनी हातानं खूण केली, अब्बांनी ते बंद केलं.

"रफिक, पोरीचं काय ठरीवलंस?"

"तुमास्नी म्हाईत हाय की सुभेदार. वडूज."

"माजी दीपाली सांगलीला चाललीया अकरावीला. तुजीबी धाड. दोघी एका खोलीत ऱ्हातील."

अब्बांनी कापूस चाचपून बघितला. मग म्हणाले, "आवं, तुमची नात आनि माजी लेक, एक न्हाई. उद्या सांगलीत कुनी तुमच्या नातीला काय बोललं, तर तिच्या मागं अख्खी भावकी हाय. माज्या पोरीला कुनी काय बोललं, कुठनं आलीस म्हनलं, हे डोक्यावर काय घेतलंस म्हनलं, तर तिनं कुनाकडं बघायचं? आमी चार घरं. हितं तुमी फाटकात बसता, म्हनून मी निवांत गाद्या भरतो. सांगलीला फाटकात कोन बसनार हाय?"

मी दाराआडून बघत होते. आबांनी खिशात हात घातला, कागदात गुंडाळलेला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि विचार करत करत खायला लागले. मग त्यांना एकदम आठवलं.

"बरं, तुला सांगायचंच ऱ्हायलं. आज माजाबी रोजा हाय."

अब्बा त्या लाडवाकडं बघत राहिले. "कसला रोजा?"

"तुमचाच की. पोरगी उपाशी पेपर देतीया, म्हटलं आपनबी धरावा एक. लय सोपा हाय रं! सकाळी साबुदान्याची खिचडी खाल्ली, मंग दोन केळी, दोनदा च्या झाला. आमच्या एकादशीवानीच हाय."

अब्बांचं हसणं मी फार कमी वेळा ऐकलंय. त्या दिवशी ते इतके हसले की कापूस उडायला लागला. आत अम्मी तोंडात पदर धरून हसत होती. आबा गोंधळून एकदा लाडवाकडं, एकदा अब्बांकडं बघत होते. मग अब्बांनी डोळे पुसत त्यांना समजावलं, की साबुदाणा नाही, केळी नाही, चहा नाही, दिवस मावळेपर्यंत काहीच नाही.

"पानी?"

"पानीबी न्हाई."

"चूळ भरून थुकायची, तीबी..."

"थुकायची. गिळायची न्हाई."

आबांनी उरलेला लाडू मुकाट्यानं कागदात बांधला. अब्बा अजून हसत होते, आणि त्या हसण्याच्या भरातच बोलून गेले, "सुभेदार, आदी एक खरा रोजा धरून बघा, आनि मंग आमच्या घरातलं बोला."

अब्बांची ती थट्टा होती. पण फौजेतल्या माणसापुढं थट्टेनं हुकूम सोडू नये. दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, आणि मी दीपालीकडून पुस्तक आणायला शाळेवरून गेले तर शाळा विचित्र शांत वाटली. शिट्टीच वाजत नव्हती. आबा लिंबाखाली ताठ बसले होते, ओठ वाळलेले, आणि एक पोरगा समोर उभा राहून उशिराचा रिपोर्ट देत होता. आबांनी नुसती मान हलवून त्याला आत सोडलं. शिपाईमामांनी सवयीनं पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी हातानं परत लावला. दीपाली काळजीत होती. म्हणाली, "घरात आईनं डोकं आपटून घेतलं. सत्तरीच्या वर वय, ऊन हे असलं, आणि आबा काय ऐकंनात. म्हणतात, आर्डर हाय." ही बातमी अर्ध्या तासात गावात पसरली, आणि लोक काही ना काही निमित्त काढून शाळेवरून चकरा मारायला लागले. एकजण म्हणाला, "सुभेदार, एक घोट घ्या, कोन बघतंय?" आबा म्हणाले, "मी बघतोय की."

अब्बांना हे दुपारी कळलं. ते यंत्र तसंच सोडून शाळेकडं पळाले. "आवं, मी थट्टेनं बोललो! सोडा आता." आबांनी मान हलवली. "सहरीला तरी काय खाल्लं व्हतं?" अब्बांनी विचारलं. तेव्हा कळलं, की सहरी म्हणून काही असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या रात्रीच्या जेवणावर ते बसून होते. अब्बांनी कपाळाला हात लावला आणि मग, आता काय करावं ते न सुचून, शेजारच्या दगडावर बसून राहिले. शाळा सुटली, पोरं गेली, तरी ते दोघे तसेच लिंबाखाली बसलेले मी लांबून बघितले. एक गादी भरणारा आणि एक सुभेदार, दोघेही उपाशी.

दिवस मावळायच्या आधी अब्बा त्यांना घरी घेऊन आले. अम्मीनं नव्या गादीवर चादर घातली. अजान झाली. अब्बांनी दुआ म्हटली तेवढा वेळ आबा हात जोडून बसले होते. मग सगळ्यांचे हात पसरलेले बघून त्यांनीही आपले जोडलेले हात हळूच उघडले. खजूर तोंडात घातला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो संपवूनच खाली ठेवला. मग भजी, कलिंगड, सगळं समोर होतं, पण ते खात नव्हते. माझ्याकडं बघत होते.

"रफिक, ह्या पोरीनं हे असलं धरून गनिताचा पेपर दिला?"

"व्हय."

"समदं पेपर?"

"समदं. धाकटी असल्यापासनं धरती ती. त्यात काय?"

"त्यात काय?" आबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आरं, मला आज दुपारी माज्याच नातवाचं नाव आठवंना! आनि ही गनित सोडवून आली. तू मला इचारलंस, सांगलीला फाटकात कोन बसनार. मी दिवसभर त्याचाच इचार केला, दुसरं सुचतच नव्हतं काय. हिला फाटकात म्हातारा लागत न्हाई रं. हिला राखन नको. सोबत पायजे, ती मी देतो. माजी नात देतो. हिला कुनी काय बोललं तर माजी भावकी हिच्या मागं हुबी ऱ्हाईल, हे मी तुज्या घरात, तुज्या खजुरावर हात ठेवून सांगतो."

आणि त्यांनी खरंच खजुराच्या ताटलीवर हात ठेवला. अब्बांनी माझ्याकडं बघितलं. किती तरी वर्षं ते मला रोज बघत होते, पण त्या संध्याकाळी ते थांबून बघत होते. त्यांनी होकार दिला नाही. "खावा आदी," एवढंच म्हणाले आणि भज्यांची ताटली आबांपुढं सरकवली. पण ईदच्या आधी दोन दिवस त्यांनी मामूंना फोन लावला. मी ऐकत होते. अब्बा म्हणाले, "वडूजवाल्यास्नी म्हनावं, माफ करा. पोरगी सांगलीला शिकायला निघालीया." मग पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं आलं, आणि अब्बा शांतपणे म्हणाले, "एकटी कशाला? कंपनी हाय तिच्यासंगं."

दीपालीनं नंतर माझ्याकडं तक्रार केली, की खजुरावर हात ठेवण्याआधी आजोबांनी तिला एकदा विचारायला हवं होतं. पण ती तक्रार करताना ती दोघींच्या पेट्या भरत होती.

सांगलीला सोडायला आबाच आले. बाजूनं हळदीची पोती भरलेले टेम्पो जात होते, रिक्षावाले ओरडत होते, आणि आबा आमच्या दोघींच्या मध्ये असे चालले होते, की जणू सगळी सांगली आमच्या पाहणीसाठी उभी आहे. खोली बघितली, कडी दोनदा लावून बघितली, घरमालकिणीला दोघींचं कूळमूळ न सांगता एवढंच सांगितलं, की "ह्या माज्या दोन नाती." मग आम्ही त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. कुंडलची गाडी लागली होती. दीपाली त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेली. आबा पायरीवर उभे होते. नेहमीसारखा काहीतरी हुकूम देतील म्हणून मी वाट बघत होते. ते हळूच म्हणाले, "भ्या वाटतंय का गं?"

मी म्हटलं, "न्हाई आबा."

त्यांनी गाडीची दांडी धरली. मग म्हणाले, "मला वाटतंय थोडं."

आजवर धीर देणारे तेच होते, आणि त्यांना धीर कसा द्यायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात दीपाली आली, कंडक्टरनं बेल मारली, आणि गाडी वळेपर्यंत आबा खिडकीतून मागं बघत राहिले.

आता मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आबांचे गुडघे गेलेत, त्यांना सांगलीला येववत नाही, आणि शाळेतही ते आता रोज जात नाहीत असं दीपाली सांगते. रविवारी त्यांचा फोन येतो. आधी अभ्यासाचं विचारतात, जेवणाचं विचारतात, आणि ठेवायच्या आधी आवाज खाली करून तेच विचारतात, भ्या वाटतंय का. मी न्हाई म्हणते. ते दर वेळी पूर्ण खरं असतंच असं नाही. पण त्यांना सांगून झालं की पुढचे दोन-तीन दिवस ते खरं वाटत राहतं.